यादीतली पुसलेली ओळ

मे महिना आला की माझ्या यादीतल्या ओळी मरायला लागतात. गुलमोहर, कैऱ्या, पाण्याचे टँकर हे सगळं नंतर. आधी ही पडझड. परीक्षा संपतात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं होस्टेल सोडतात, कॉलेज त्यांची संगणकावरची खाती बंद करून टाकतं, आणि त्या खात्यांच्या एका कोपऱ्यात पोरांनी जगासाठी फुकट मांडून ठेवलेलं सगळं एका दुपारी नाहीसं होतं. कोणी सूचना लावत नाही. कोणाला त्याचं काही वाटतही नाही. उद्या एखाद्या गावातली विहीर अशी बुजवली तर मोर्चा निघेल. इथे मोर्चा सोडा, बुजली हे कळायलाच महिना जातो.

यंदाही तेच. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी वाचनालयात बसून एकेक साठा तपासला. तीन गेले. मी तिन्ही ओळींपुढे हॅश लावला आणि उठले. पुसलं काही नाही. पुसणं मी बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात सोडलं.

ही यादी कसली ते आधी सांगते, नाहीतर माझ्या पत्रकांसारखं होईल. पहिल्या ओळीत आग आणि विषय काय तो पान उलटल्यावर. डोंबिवली पश्चिमेला एका छोट्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या आणि खळीच्या वासात, संगणकावर मराठी आणायच्या खटपटीतल्या आम्हा काही जणांचा एक जुना, सुटे भाग जोडून केलेला संगणक होता. त्यावर लिनक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संगणक चालवणारी ही प्रणाली कोणा कंपनीची नाही. जगभरची माणसं, बहुतेक एकमेकांना न भेटलेली, ती मिळून बनवतात आणि ज्याला हवी त्याला उघडून बघू देतात, बदलू देतात, वाटू देतात. तिचं एक मोठं कोठार असतं आणि त्यात हजारो पॅकेजं, म्हणजे एकेका कामासाठी बांधून ठेवलेले प्रोग्राम. जहाजांची गणितं करायला पॅकेज, ताऱ्यांचे नकाशे काढायला पॅकेज. मराठी मात्र त्यात कोणाला आठवलेली नव्हती. कोट्यवधी लोकांची भाषा, आणि पडद्यावर एक ‘क’ उमटवायचा तर दारोदार फिरायचं. यावर मी तेव्हा चार पत्रकं काढली होती. आजही शब्द मागे घेत नाही.

तर कोठारात नाही ते बाहेरून आणावं लागायचं. कोणी पोरगा कॉलेजच्या खात्यात मराठी टाइप करायचं पॅकेज ठेवायचा, कोणी मासिकाबरोबर आलेली सीडी द्यायचा. अशा प्रत्येक बाहेरच्या साठ्याचा पत्ता संगणकातल्या एका साध्या फाइलमध्ये लिहायचा. एक ओळ, एक साठा. हीच ती यादी. ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे ती चार काड्यांची जाळी, टाकली की संगणक त्या ओळीकडे बघत नाही. माणसाला मात्र ती वाचता येते.

हॅशची शिस्त आम्हाला लावली ती संगणकातल्या कोणी नाही, तर वाचनालयाच्या कुलकर्णी बाईंनी. त्यांना संगणक म्हणजे मागच्या खोलीतला एक गुरगुरणारा पंखा वाटायचा, आणि आम्ही इंटरनेटसाठी वाचनालयाचा फोन तासन्‌तास अडवून ठेवायचो याचा राग त्या दर दहा मिनिटांनी दारातून डोकावून व्यक्त करायच्या. पण एकदा आमच्यातला हेमंत त्यांना यादी समजावत होता, तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेतला. म्हणाल्या, ही तर आपली दाखल नोंदवही झाली. मग नियम सांगितला: पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीनं खाल्लं तरी दाखल नोंदवहीतली नोंद खोडायची नाही. शेवटच्या रकान्यात लाल शाईनं ‘बाद’ लिहायचं. कारण कधी ना कधी कोणीतरी विचारायला येतंच.

तेव्हापासून आमच्या यादीत प्रत्येक ओळीच्या डोक्यावर हॅश लावून एक टिपण असायचं. कुठून आणलं, कोणी आणलं, जबाबदार कोण. साठा बंद पडला किंवा नकोसा झाला तर ओळीपुढे हॅश. पुसायचं नाही. इतका साधा नियम.

हेमंत भोईर कळव्याचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, घरातला होडीवर पोट न भरणारा पहिला मुलगा. स्टेशनजवळ त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून डोंबिवलीला आणायचा. वाचनालयात डबा उघडला की आधी सुकटीचा वास यायचा. त्याच डब्यातून सकाळी दुकानात जेवण गेलेलं असायचं. आम्ही जमवलेली मराठी पॅकेजं एकत्र करून त्यानं स्वतःचा एक साठा केला होता, त्या डिस्कवर. बोलायला शांत, पण टोमणा बरोबर बसेल असा. माझं पत्रक वाचून म्हणायचा, “तुझे स्वल्पविरामसुद्धा घोषणा देतात गं.”

त्या वर्षी एप्रिलमध्ये तो आईला घेऊन आला. घशात गाठ होती, मे महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं, आणि आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. हे त्यानं मला दारातच, फ्यूज उडालाय हे सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाला, तिच्याकडे खाडीचे पुष्कळ शब्द आहेत. तिचे, तिच्या माहेरचे. आवाज आहे तोवर कोणीतरी उतरून घ्यायला हवेत. त्याची बोटं टाइपिंगला हळू होती. माझी पत्रकांनी पळवलेली.

मावशी, म्हणजे हेमंतची आई, दुपारच्या यायच्या, रिकामी टोपली घेऊन, बाजार उरकून. पंख्याखाली बसायच्या आणि संगणकाकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायच्या. निवटी, खुबे, बोईट, चिंबोरी, हे मला ऐकून तरी माहीत होते. पण चिखल एकच नसतो हे कुठे माहीत होतं. पाय धरतो तो वेगळा, पाय सोडतो तो वेगळा, तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळाशी गार लागतो तो तिसरा, आणि तिघांना तीन नावं. मी ओहोटी लिहिलं की त्या थांबायच्या. “ओहोटी शालेतली, बाय. आमची सुकती.” आवाज तेव्हाच खरखरीत झाला होता. मधे मधे पाणी प्यायच्या आणि हात हलवून सांगायच्या, थांब, अजून हाय. कधी लाईट जायची. मग अंधाऱ्या उकाड्यात त्या गप्पा मारायच्या, जवळा सुकत घातला की कावळे कसे टपून असतात, हेमंत लहानपणी होडीत बसला की कसा ओकायचा. या गप्पा मी टाइप केल्या नाहीत. लाईट नव्हती.

सगळी मिळून अकरा पानं झाली. पहिलं पान झालं त्या दिवशी आम्ही ते कर्कश प्रिंटरवर छापलं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात धरून नुसतं वजन केल्यासारखं केलं आणि परत दिला.

आता माझी गोष्ट. जी अक्षरं मी टाइप करत होते त्यांचा फॉण्ट एका बाहेरच्या साठ्यातून आणलेला होता, एका शेवटच्या वर्षाच्या पोराच्या खात्यातून. वापरायला फुकट, पण उघडून बघायला बंदी, बदलायला बंदी, पुढे कोणाला द्यायलाही बंदी. पोरानं तरी ठेवला होता. आमच्याकडे दुसरा धड फॉण्टच नव्हता. तो आणला तेव्हाच मी भांडण काढलं होतं आणि हेमंतला बजावलं होतं की तुझ्या डिस्कवरच्या साठ्यात हा ठेवायचा नाही. आपण मोकळं म्हणून जे वाटतो त्यात कुलपाची वस्तू नको. त्यानं ऐकलं. यादीत मात्र ओळ राहिली, वर त्याचं टिपण: जबाबदार, हेमंत.

आणि त्या काळचा मोठा घोळ असा, की प्रत्येक मराठी फॉण्टची आपापली गुप्त लिपी. एकाच्या ‘क’ची जागा दुसऱ्याच्या ‘ट’ला. फॉण्ट काढला की लिहिलेलं सगळं इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यात बदलतं, डोक्यावर शिंगं, पायाला शेपट्या. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या शब्दांची किल्ली तुमच्याकडे नाहीच, ती फॉण्टवाल्याच्या खिशात. ही लबाडी आहे असं मी तेव्हा म्हणत होते, आजही म्हणते. हे मला माहीत होतं. पाठ होतं. पत्रकात लिहिलेलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही वाचनालयात लोकांना बोलावून संगणक दाखवणार होतो. पत्रक मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: या संगणकात कुलपाचं एकही पॅकेज नाही. छापून आलं, स्टेशनबाहेर वाटून झालं, आणि आदल्या दुपारी माझ्या लक्षात आलं की वाक्य खोटं आहे. खोटं पत्रक मला खपत नाही. मी बसले आणि वाक्य खरं केलं. फॉण्ट काढला. त्याच्या आणलेल्या प्रती जिथे साठवून राहतात ती जागाही झाडून काढली. मग यादी उघडली. ओळीपुढे हॅश लावायचा होता. पण उद्या कोणी यादी बघेल, हॅशमागे त्या फॉण्टचं नाव दिसेल, ही कल्पनाही मला सहन होईना. मी ओळ पुसली. तिच्या डोक्यावरचं हेमंतचं टिपणही. अकरा पानं मला आठवली नाहीत. खरंच आठवली नाहीत. रागात माणूस किती स्वच्छ असतो.

कार्यक्रम छान झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेमंत नव्हता, त्याच आठवड्यात ठाण्याच्या हॉस्पिटलात मावशींचं ऑपरेशन होतं.

चार दिवसांनी तो आला. डोळे न झोपलेले. म्हणाला, आई बरी आहे, आवाज गेला. बोलायला बघते, हवा येते फक्त. तिचे शब्द छापून नेतो, उशाशी ठेवतो, म्हणजे तिला कळेल की सगळं आहे. मी म्हटलं, बस, मी छापते. फाइल उघडली.

पडद्यावर शिंगं आणि शेपट्या.

मी भराभर सांगत सुटले, काय केलं, का केलं, आत्ता परत आणते. फोन लावला. मोडेमचा तो घसा खरवडल्यासारखा आवाज झाला, जोडणी मिळाली, आणि पत्ता टाकला तर असं खातंच नाही. मे महिना. पोरगा पास होऊन गेलेला. म्हटलं पत्ता चुकला असेल. खात्रीसाठी यादी बघायला गेले आणि आठवलं, ओळ पुसली आहे. त्या पोराचं नाव टिपणात होतं. टिपणही पुसलं होतं. बनवणाऱ्यांनी तो फॉण्ट केव्हाच बंद करून नवा, विकतचा काढलेला, निराळ्या लिपीचा. आणि हेमंतच्या डिस्कवर तो नव्हता, कारण मी ठेवू दिला नव्हता.

त्यानं शिवी दिली असती तर मला उत्तर सुचलं असतं. तो म्हणाला, “पत्रकात तू लिहिलंस ते सगळं बरोबर होतं.” मग, यादीकडे बघत, “हॅश लावायचा होतास ना गं. पुसलीस कशाला?”

मी पुन्हा फोन लावायला वळले.

दारात कुलकर्णी बाई उभ्या होत्या. फोनबद्दल बोलायला आल्या असाव्यात. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. आत गेल्या आणि एक फाइल घेऊन आल्या. वाचनालयात जे काही छापलं जातं त्याची एक प्रत दाखल करून घ्यायची, ही त्यांची खोड. आमच्या पत्रकांवरही त्यांचे शिक्के होते. त्यात, शिक्का मारून, क्रमांक घालून, मावशींच्या शब्दांचं पहिलं पान होतं. “एकच आहे,” त्या म्हणाल्या. “पुरेल का बघा.”

मग जून उजाडेपर्यंतच्या दुपारी. डाव्या हाताला छापलेलं पान, समोर पडद्यावर त्याच पानाचा कचरा. हे शिंग म्हणजे ‘नि’चा ‘न’. ही शेपटी म्हणजे काना. हेमंत एका वहीत जोड्या मांडायचा, दुकान अर्ध्या दिवसावर आणून. मी एकेक जोडी लावून दुसरं पान, तिसरं पान सोडवायचे. पहिलं ‘सुकती’ उमटलं. त्यानं डबा उघडून भाकरीचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला. रागावलेला माणूस असं करत नाही, एवढं मला कळलं. पण पहिल्या पानावर सगळी अक्षरं थोडीच येतात? जी आली नव्हती तिथे भोकं राहिली. काही अंदाजानं भरली, बाकीची घेऊन मी कळव्याला गेले.

मावशी घराबाहेर सावलीत बसल्या होत्या, गळ्याला पांढरी पट्टी. शेजारणींनी शेवटचा जवळा सुकत घातला होता, त्या काठीनं कावळे हाकत होत्या. मी पायरीवर बसले. महिन्यापूर्वी त्या बोलायच्या आणि मी लिहायचे. आता मी वाचत होते आणि त्या ऐकत होत्या. शब्द बरोबर आला की मान हलायची. चुकला की काठी एकदा जमिनीवर. भोकाशी आले की मी अर्थ वाचायचे, त्या ओठ हलवायच्या, आणि मी त्यांच्या ओठांवरून अक्षर उचलायचे. एका माशासाठी त्यांनी हाताचा पंजा असा वळवून दाखवला की मला मासाच दिसला, नाव मागाहून आलं. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी ती कावळ्यासारखी काठीनं हाकलली. हेमंतनं घरी काय सांगितलं होतं कोणास ठाऊक. त्याला विचारलं तर म्हणाला, लाईट गेलेली, एवढंच सांगितलं.

जवळजवळ सगळी भोकं भरली. एक सोडून. अर्थ नीट वाचता येत होता: पाणी भरायला लागायच्या जरा आधी चिखलावर येते ती चमक. त्या चमकेला त्यांच्या माहेरी एक शब्द होता. त्यातली सगळीच चिन्हं अशी की पहिल्या पानावर एकही नाही, आणि पुढेही दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही. मी तो माझ्या बोटांनी टाइप केला होता आणि मला तो आठवत नव्हता. शेजारणी म्हणाल्या, आमच्यात असा शब्द नाही, तिच्या माहेरचा असेल. माहेरी कोणी उरलं नव्हतं. मावशींनी ओठांनी तीनदा सांगितला. मला तीनदा उचलता आला नाही. चौथ्यांदा त्यांनी सांगितलाच नाही. उठल्या, माझं मनगट धरलं आणि मला घेऊन तिवरांच्या कडेला गेल्या. आम्ही उभ्या राहिलो. डासांनी फोडून काढलं. मग, पाणी अजून कुठेच दिसत नसताना, सबंध चिखल एकदम आतून उजळल्यासारखा झाला, माशाच्या पोटासारखा. मावशींनी माझ्या खांद्यावर दोन बोटं मारली. हे.

पुढे हेमंतनं त्या वहीतल्या जोड्यांवरून जुनं लिखाण मोकळ्या फॉण्टात वळवणारं एक छोटं पॅकेज केलं आणि आपल्या साठ्यात ठेवलं. अक्षरं त्यानं स्वतः काढली, ओबडधोबड, ‘ळ’ तर पडेल की काय असा. ते वापरायला, उघडायला, वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. मला आनंद झाला, आणि आनंद झाला याची थोडी लाजही वाटली.

मी अजून पत्रकं काढते. अक्षराला कुलूप लावणाऱ्यांवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. वाढला असेल, कारण आता ते कुलूप कुठे लागतं हे मी पाहिलं आहे. पण कुठलीही ओळ बंद करायच्या आधी मी विचारते, हिच्यावर कोण उभं आहे? आणि बंद केली तरी हॅश लावते, तारीख घालते, नाव ठेवते. यादी आता इतकी लांब झाली आहे की चालू ओळी शोधाव्या लागतात. बाकी सगळे हॅशवाले. कोणी पास झाला, कोणी परदेशी गेला, कोणाला कंटाळा आला. वाचनालयात नवीन मशीन आलं तेव्हा एका नवख्या कार्यकर्तीनं विचारलं, मेलेल्या ओळी कशाला नेता? मी तिला कुलकर्णी बाईंकडे पाठवलं. ती पुसलेली ओळसुद्धा यादीत आहे. पत्ता आठवला तेवढा, अर्धाच. डोक्यावर टिपण: पुसली होती, परत लिहिली. जबाबदार, मी.

आणि त्या अकरा पानांमध्ये एक रिकामी चौकट आहे. दर मेमध्ये, साठे तपासून झाले की, मी कळव्याला जाते. वर्षभरात कुठून कुठून जमवलेले शब्द मावशींसमोर म्हणून बघते. हा का? हा? काठी जमिनीवर. मावशी हसतात, आवाजाशिवाय, खांदे हलवून. मग आम्ही तिवरांच्या कडेला जातो.

परवाही गेले होते. यंदा चार शब्द नेले होते, चारही पडले. परतताना हेमंत गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, यांचे ओठ एकदा तू नीट बघ ना, तू त्यांचा मुलगा, तुला कळेल.

तो हसला. “मला केव्हाच कळलाय तो शब्द. तिनं सांगायची बंदी केलीये.”

का, असं मी विचारलं.

“शब्द मिळाला की ही पोरगी यायची बंद होईल, म्हणते.”

मी मागे वळून पाहिलं. मावशी अजून तिवरांपाशीच उभ्या होत्या, पाठमोऱ्या. पाणी यायचं होतं, चिखल लखलखत होता. चौकट मी तशीच ठेवली आहे.